वाईस कोणी आवळला होता

मोनालीने वाईस बनवायला घेतला त्या दिवसापासून डोमाजीचं जेवण तुटलं. कांताबाईला वाटलं, नवऱ्याची दाढ दुखत असेल. तिने लवंगेचं तेल आणून दिलं. डोमाजीने ते मुकाट्याने चांगल्या दाढेला चोळलं. खरं दुखणं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

आर्णीच्या बसस्टँडमागे त्यांचं पत्र्याचं शेड होतं. आत डोमाजीची जुनी लेथ, एक ड्रिल मशीन, वेल्डिंगचा सेट, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि दिवाळीपासून कोपऱ्यात एक छोटी मिलिंग मशीन. अमरावतीकडच्या एका बंद पडलेल्या कॉलेजच्या लिलावात मोनालीने ती उचलली होती. मोटर छान चालत होती, पण वाईस नव्हता. तो लिलावात दुसऱ्याच कोणाच्या पदरात गेला होता. घोडी दारात आली आणि लगाम वाटेत पडला, अशी गत. वाईस म्हणजे लोखंडाचा जबडा. एक बाजू पक्की, दुसरी स्क्रूवर मागेपुढे सरकणारी. काम त्या दोन बाजूंमध्ये आवळून धरायचं, मग वरून फिरणारा कटर ते तासत जातो. वाईस नसेल तर मिलिंग मशीन म्हणजे नुसती गरगर.

"नवा कायले पाह्यजे? मी बनवते न," मोनाली म्हणाली. सव्वीस वर्षांची पोर, आयटीआयला मशिनिस्ट म्हणून पहिली आलेली. ती जे म्हणायची ते करायची, आणि डोमाजीला एरवी त्याचा केवढा अभिमान होता! या खेपेला मात्र तिने ते करू नये असं त्याला वाटलं.

डोमाजीच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं मुळापासून नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. डोमाजीची मूठ झाकायलाही पुरी उरली नव्हती. बोटं कशी गेली ते अख्ख्या मोहल्ल्याला पाठ होतं. एकोणीस वर्षांपूर्वी तो वणीकडे एका खाजगी वर्कशॉपमध्ये मिस्त्री होता. तिथे देवीलाल नावाचा एक हेल्पर होता. त्याने मिलिंग मशीनचा वाईस ढिला ठेवला, चालत्या मशीनवर काम सुटलं आणि मिस्त्रीची बोटं गेली. तेव्हा मोनाली सात वर्षांची होती. रोज सकाळी बापाच्या शर्टाची बटणं ती लावून द्यायची आणि लावता लावता त्या देवीलालला शिव्या घालायची. पुढे घरात त्या नावाचा शब्दच झाला. नट हलला, बिजागरी निसटली, डब्याचं झाकण नीट बसलं नाही की मोनाली म्हणायची, "हे पाहा, देवीलाल काम!" कांताबाई हसायची. डोमाजीही हसायचा, न हसून सांगतो कोणाला.

कारण त्या वाईसमध्ये त्या वेळी काहीच नव्हतं. तो रिकामा होता.

पाळी सुटायला दहा मिनिटं होती. एका पट्टीला बारीकशी खाच पाडायची होती. पट्टी वाईसमध्ये बसवायची, गुण्या लावून काटकोन पाहायचा, आवळायचं, यात पाव तास गेला असता. "एवढंसं काम, हातातच होते," असं म्हणून डोमाजीने पट्टी तशीच टेबलावर ठेवली, एका टोकाला क्लॅम्प लावला आणि दुसरं टोक डाव्या तळव्याने दाबून धरलं. देवीलाल बाहेर पाण्याचा ड्रम भरायला गेला होता. कटरने आधी पट्टी उचलली, मग बोटं.

दवाखान्यात मॅनेजर आला. "वाईस ढिला होता काय?" त्याने विचारलं. डोमाजी गुंगीत होता असं म्हणायची सोय नाही. तो चांगला शुद्धीवर होता. ज्या मिस्त्रीने 'कटरजवळ हात नेऊ नका' म्हणून दहा पोरांच्या कानफटात दिल्या होत्या, त्यानेच हात नेला, हे त्याच्या तोंडून निघेना. समोर आयतं दार उघडलं होतं. तो म्हणाला, "हो." मॅनेजरने विचारलं, "कोणी आवळला होता?" सकाळच्या कामाला देवीलालनेच आवळला होता, म्हणून डोमाजी म्हणाला, "देवीलालनं." बस्स, एवढंच. तिसऱ्या दिवशी देवीलालला कामावरून काढलं.

देवीलाल आर्णीपासून बारा कोसांवरच्या एका तांड्यावरचा. नोकरी गेल्यावर तो तांड्यावर परतला. पुढे डोमाजीही आर्णीला आला. आठवडी बाजारात कधी देवीलाल दिसला तर डोमाजी गल्ली बदलायचा. गंमत अशी, की देवीलालही मान खाली घालून दुसऱ्या बाजूने निघून जायचा. डोमाजीला वाटायचं, तो रागापायी तोंड फिरवतो.

आता मोनाली वाईस बनवत होती आणि तिला सगळं माहीत करून घ्यायचं होतं.

पहिल्या दिवशी तिने भंगारातून लोखंडी चॅनलचा हातभर तुकडा काढला. तो बैठक. इंचभर जाडीच्या पट्टीचे दोन जबडे कापले. स्क्रू मिळाला जुन्या ट्रॅक्टरच्या जॅकचा, मनगटाएवढा जाड. "याच्यानं बैल बांधला तरी हालनार नाई," ती खुशीत म्हणाली. पक्का जबडा वेल्डिंग करताना ओढला गेला आणि गुण्याला सुईएवढी फट दिसायला लागली, तेव्हा तिने ग्राइंडरने तो कापून काढला आणि पुन्हा दोन्ही बाजूंनी थोडा थोडा टाका मारत, थंड होऊ देत बसवला. इतकं नेटकं काम डोमाजीने भल्याभल्या मिस्त्रींचं पाहिलं नव्हतं. त्याने तसं म्हणूनही दाखवलं. मग ती कानशीने सरकता जबडा घासायला बसली आणि घासता घासता तिने विचारलं, "बाबा, तुमचा वाईस केवढा ढिला होता?"

"होता... स्क्रूचा दीडक आटा."

"दीड आटा? एवढा? मंग तुमाले काम लावताना समजलं नाई?"

"घाई होती न वो माय."

"आवळला तवा तो देवीलाल दांडीवर भार टाकत होता का नुसता हातानं फिरवत होता?"

"नुसता हातानं," डोमाजी म्हणाला. खोट्याचं असं असतं. एकदा जन्माला घातलं की त्याला रोज खाऊ घालावं लागतं.

"पाहा! म्हनून तं," मोनाली म्हणाली. आणि तिने दोन फुटांचा लोखंडी पाईप कापून वाईसच्या दांडीवर चढवला. पाईपच्या टोकाला लटकून आवळलं की स्क्रू कुरकुरायचा. "आता कोनाच्या बापाले ढिला होत नाई."

सरकत्या जबड्याच्या खाली कागदभर मोकळीक होती, हे डोमाजीच्या नजरेला पहिल्याच दिवशी पडलं होतं. घरी बनवलेल्या वाईसमध्ये ती राहतेच. हाताने आवळा, काही होत नाही. पण बेसुमार आवळलं की जबड्याचं डोकं वर उचलतं आणि आपल्याबरोबर कामालाही उचलतं. काम खालून पोकळ होतं. वरून बघणाऱ्याला ते दगडासारखं घट्ट दिसतं आणि कटर लागला की ते थरथरायला लागतं. उपाय सोपा होता: बेताने आवळायचं आणि आवळताना लाकडी मोगरीने काम खाली ठोकायचं. हे त्याने दहा पोरांना शिकवलं होतं.

"बेटा, इतकं नोको आवळू," तो म्हणाला. "जादा आवळलं तं काम उठते."

मोनालीने कानस थांबवली. "बाबा, तुमी म्हनता हे? तुमी? ढिल्या वाईसपायी हात गेला न तुमचा?"

डोमाजीने लेथ पुसायला घेतली. त्याच्या खोट्याने त्याच्याच तोंडाला कुलूप घातलं होतं आणि चावी त्याच्याच खिशात होती.

गुरुवारी तिने भंगारचा एक ठोकळा लावून मशीन चालवून पाहिली. पाईपला लटकून आवळलं. कटर फिरला, कीस उडायला लागला, आणि अर्ध्यात गेल्यावर ठोकळा घुमायला लागला. मोनालीने कपाळाला आठी घातली आणि डावा तळवा ठोकळ्याच्या टोकावर ठेवून दाबला. कटर चार बोटांवर होता. घुमणं थांबलं. खाच पार झाली.

डोमाजी स्टुलावर बसला होता तो उठूच शकला नाही. "हात... हात नोको लावत जाऊ," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"जरासा तं लावला. अजून आवळा लागन, बस."

दुखणं वाढवणारं औषध ती चमच्याने वाढवत चालली होती, आणि औषधाची चिठ्ठी डोमाजीच्या हातची होती. त्याने ठरवलं, संध्याकाळी सांगायचं. संध्याकाळी मोनाली त्याच्या ताटात भाकरी वाढत म्हणाली, "बाबा, पाह्यजा, या मशीनवर मी तुमची राहिलेली सारी मिस्त्रीगिरी पुरी करते." डोमाजीने अर्धी भाकरी ताटातच ठेवली. शुक्रवारीही सांगणं झालं नाही आणि शनिवारीही नाही. भित्रा माणूस मुहूर्त फार शोधतो.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला शेडसमोर एक मोटरसायकल थांबली. गळ्यात दुपट्टा, पांढऱ्या मिशा, पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. माणूस उंबऱ्याशी आला आणि थबकला. डोमाजीने त्याला ओळखलं. त्यानेही डोमाजीला ओळखलं. दोघांनीही एकाच वेळी नजर खाली टाकली.

"या काका," मोनाली म्हणाली. तिने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. "काय आनलं?"

"गिरनीचा ठोकळा हाये, बाई." त्याने पोतं उलगडलं. पिठाच्या गिरणीच्या बेअरिंगखालचा लोखंडी ठोकळा मधोमध तडकला होता. "चार दिवस झाले, गिरनी बंद पडली. तांड्यावरच्या बाया डोक्यावर दळन घेऊन पार फाट्यापर्यंत येऊन राह्यल्या. नेरले गेलतो, यवतमाळले गेलतो, सारे आठ दिवस मांगतात. इथी मशीन आली म्हनून समजलं. नाई तं..." तो थांबला. "नाई तं तरास नसता देला."

डोमाजी लेथमागे उभा होता. हा माणूस शिव्या द्यायला आला असता तर बरं, असं त्याला वाटलं.

मोनालीने तडकलेला ठोकळा उलटसुलट पाहिला. बोल्टची भोकं लंबुळकी झाली होती. "बोल्ट ढिले राह्यले असतीन, काका. ढिल्या बोल्टानं ठोकळा नाचला अन् फुटला. पक्कं देवीलाल काम."

माणसाने वर पाहिलं. "काय म्हनलं?"

"काई नाई, आमच्या घरची बोलायची रीत हाये," मोनाली हसली. "बाबाच्या हाताखाली एक हेल्पर होता देवीलाल म्हनून. त्यानं वाईस ढिला ठेवला अन् बाबाची बोटं गेली. तवापासून ढिल्या कामाले आमी देवीलाल काम म्हनतो. नवा ठोकळा दुपारपर्यंत देते तुमाले. नाव सांगा, पोत्यावर लिहून ठेवते."



"देवीलाल," माणूस म्हणाला. "देवीलाल राठोड."

मोनालीच्या हातातला खडू तसाच राहिला. तिने बापाकडे पाहिलं. बापाच्या चेहऱ्यावरून तिला उत्तर मिळालं. तिचा चेहरा लाल झाला आणि मग पांढरा पडला.

"तुमी? तुमी इथी आले? कोनत्या तोंडानं आले?"

"बरोबर हाये तुहं, बेटी."

"मी सात वर्षांची होती. बापाच्या शर्टाचे बटन मी लावो. त्याले डाव्या हातानं चहाचा कप धरता येत नव्हता. तुमच्या एका ढिल्या हातापायी! जरा जोर लावला असता तं काय बिघडलं असतं तुमचं?"

देवीलालने दुपट्ट्याने तोंड पुसलं. आता हा बोलणार, डोमाजीला वाटलं. आता हा सांगणार की मी नीट आवळला होता. एका परीने त्याला सुटल्यासारखंही वाटलं. दुसऱ्याच कोणीतरी हे उघडं पाडलं तर आपल्याला पाडावं लागणार नाही. पण देवीलालने दोन्ही हात जोडले आणि तो डोमाजीकडे वळला.

"मिस्त्री, एकोनीस वर्षं मी तुमच्या दारात याची हिंमत करून राह्यलो. बाजारात तुमी दिसले का मी तोंड लपवो. आज गिरनीनं आनलं. मले माफ करा. मले तं वाटते मी आवळला होता. लई आठवून पाह्यलं, मले आवळलाच होता असं दिसते. पन तुमची बोटं गेली तं म्हनजे नसनच आवळला. मानसाले सोताचं चांगलंच आठवते."

डोमाजीला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. राग नव्हता त्या माणसाच्या डोळ्यांत, कधीच नव्हता. बाजारात तो लाजेने तोंड फिरवत होता. चोरी एकाने केली होती आणि एकोणीस वर्षं दुसराच चोरासारखा जगत होता. डोमाजीने तोंड उघडलं. "असू दे, झालं ते झालं," असं काहीतरी त्याच्या तोंडून निघालं, आणि ते निघता निघता त्याला स्वतःची किळस आली.

"झालं ते झालं नाई, बाबा," मोनाली म्हणाली. "ठोकळा मी करून देते. गिऱ्हाईक हाये, करून देते. पन काका, तुमी इथंच उभे राहा अन् पाहा. वाईस कसा आवळतात ते पाहा."

तिने लोखंडाचा नवा ठोकळा कापून घेतला. तो तिने वाईसमध्ये ठेवला. दांडी फिरवली. मग पाईप चढवला. एक हिसका मारला. दुसरा मारला. मग पाय भिंतीला लावून ती पाईपवर मागे झुकली. स्क्रू कण्हला. सरकत्या जबड्याचं डोकं केसभर वर उठलं. देवीलालला ते दिसलं नाही, मोनालीला दिसलं नाही. डोमाजीला दिसलं.

"मोना," तो म्हणाला.

"आज नोका बोलू, बाबा."

तिने मशीन चालू केली. कटर ठोकळ्याला भिडला. पहिल्या इंचभर सगळं गोड चाललं, गरम कीस तुटून पडत होता. मग आवाज बदलला. ठोकळा घुमायला लागला, घूं घूं, जणू गांधीलमाशी डब्यात कोंडली आहे. मोनालीने दात खाल्ले आणि टेबल पुढे सरकवत राहिली. घुमणं वाढलं, कटर उड्या मारायला लागला. तिचा उजवा हात टेबलाच्या चाकावर होता. डावा हात वर आला. पंजा उघडला, आणि ठोकळ्याच्या मोकळ्या टोकाकडे गेला.

डोमाजीला मेन स्विच कसा गाठला ते नंतरही आठवलं नाही. लेथचा कोपरा मांडीला लागून पँट फाटली, एवढं मात्र संध्याकाळी कांताबाईने दाखवलं. त्याने खटका खाली ओढला. मोटर उसासा टाकत थांबली. कटर दोन-तीन फेरे रिकामा फिरला आणि उभा राहिला, मोनालीच्या तळव्यापासून दोन बोटांवर.

"बाबा! काहून बंद केली?"

"वाईस ढिला नव्हता," डोमाजी म्हणाला.

"काय?"

"वणीले. वाईस ढिला नव्हता. वाईसमधी कामच नव्हतं." त्याचा आवाज त्याला स्वतःला अनोळखी वाटला, पण आता तो थांबला असता तर पुन्हा कधीच सुरू झाला नसता. "मी काम टेबलावर ठेवलं होतं. एका अंगाले क्लॅम्प, अन् दुसऱ्या अंगाले हात. तू आता ठेवत होती न, तसाच. हाच हात. घाई होती मले. मीच मूर्खपना केला. मॅनेजरनं विचारलं वाईस ढिला होता काय, तं मी हो म्हनलं. लाज वाटली म्हनून हो म्हनलं. मंग विचारलं कोनी आवळला, तं याचं नाव सांगतलं. सकाळी यानं आवळला होता. मस्त आवळला होता. सकाळचं सारं काम मी त्याच्यावरच केलं, अन् काडीभर हाललं नाई."

मोनालीने आपल्या डाव्या तळव्याकडे पाहिलं. मग कटरकडे. मग बापाकडे तिने पाहिलंच नाही.

"तुमी मले दीड आटा सांगतला," ती हळू आवाजात म्हणाली. "मी विचारत गेली अन् तुमी सांगत गेले. पाईप कापू देला तुमी मले. चढवू देला."

"हो."

"माहा हात गेला असता तरी सांगतलं नसतं काय?"

खरं सांगायचं तर याचं उत्तर डोमाजीला माहीत नव्हतं. तो स्विचला धरून उभा होता. त्याने देवीलालकडे पाहिलं. मारेल, थुंकेल, काहीही करेल. करायलाच पाहिजे होतं.

देवीलाल पोत्यावर खाली बसला होता. त्याने स्वतःचे दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते आणि तो ते पाहत होता.

"म्हंजे मी आवळला होता," तो म्हणाला.



"मी आवळला होता," तो पुन्हा म्हणाला, आणि हसला, आणि हसता हसता त्याच्या पांढऱ्या मिशांमध्ये पाणी उतरलं. "माही बायको धनीबाई म्हने, तुमी झोपत काहून नाई. पोरगा श्रावण लहान होता तवा त्याच्या पाळन्याची दोरी मी कधी बांधली नाई, शेजाऱ्याले बोलावो. गिरनीचा बोल्ट मी आवळत नाई, पोराले सांगतो. मले वाटे, माह्या हातात खोट हाये. हातच खोटे हायेत. पोरगा येते, जसे जमले तसे आवळते अन् शाळेत पळते, म्हनून तं हा ठोकळा फुटला! अन् मी? मी आवळला होता!"

डोमाजी त्याच्यासमोर खाली बसला. "देवीलाल, मले माफ..."

"थांबा, मिस्त्री." देवीलालने हात वर केला. "आत्ता नोका. मले आधी खूश होऊ द्या. एकोनीस वर्षांत पहिल्यांदा होऊन राह्यलो. राग मले उद्या येईन. मले माहीत हाये, लई येईन. रागाले उद्या या. गिरनीवर या, बाया दळन घेऊन बसल्या राह्यतीन, साऱ्यांना माहीत हाये मी तुमची बोटं तोडली ते. तिथं या, अन् जे इथं सांगतलं ते तिथं सांगा. मंग माफीचं पाहू."

"येतो," डोमाजी म्हणाला.

मोनालीने पाईप काढून कोपऱ्यात टाकला. स्क्रू ढिला केला, ठोकळा उचलला, खालचा कीस ब्रशने साफ केला आणि ठोकळा पुन्हा बसवला. त्याच्या चार कोपऱ्यांखाली तिने वहीच्या कागदाचे चार तुकडे सरकवले. मग ती बापाकडे वळली नाही. पोत्याजवळ जाऊन तिने देवीलालला हात दिला.

"काका, तुमी आवळा."

"मी? नाई, बेटी."

"तुमीच आवळा. पाईप नोको, नुसत्या हातानं."

देवीलालने हात दुपट्ट्याला पुसले. दांडी धरली. फिरवली, थांबला, अंदाज घेतला, अजून पाव फेरा. डोमाजी मोगरी घेऊन पुढे झाला, पण मोनालीने ती त्याच्या हातून घेतली आणि स्वतः ठोकळ्यावर चार ठोके दिले. मग तिने एकेक कागद ओढून पाहिला. चारही कागद पक्के होते. एकही हलला नाही, म्हणजे ठोकळा खाली पुरता टेकला होता.

"बरोबर हाये," ती म्हणाली. "स्विच चालू करा, बाबा. अन् मंग बाहेर जाऊन बसा. मले तुमच्याशी आज बोलाचं नाई."

डोमाजीने खटका वर केला आणि तो बाहेर जाऊन बाकड्यावर बसला. आतून कटरचा आवाज येत होता, सरळ, एका सुरातला. आवाज मध्येच थांबला, देवीलालने काहीतरी विचारलं, मोनालीने उत्तर दिलं, आवाज पुन्हा सुरू झाला. दुपारी देवीलाल ठोकळा पोत्यात गुंडाळून बाहेर आला आणि डोमाजीच्या समोरून न बोलता गेला. मोटरसायकलला किक मारण्याआधी त्याने ठोकळ्याची दोरी स्वतः बांधली.

रात्री डोमाजीने कांताबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अन् मी इतके वर्षं हसत होती." तिने लवंगेच्या तेलाची बाटली उचलली आणि फडताळात मागे ठेवून दिली.

सकाळी त्याने धुतलेला शर्ट काढला. डाव्या हाताने बटणं लावायला त्याला नेहमीच वेळ लागायचा. मोनाली चुलीजवळ बसून बघत होती. ती उठली नाही. शेवटचं बटण लागेपर्यंत पहिली काळीपिवळी जीप निघून गेली. दुसरीने तो फाट्यावर उतरला आणि तिथून पायी तांड्याकडे निघाला. गिरणीची पुकपुक दुरूनच ऐकू येत होती. जवळ गेल्यावर त्याला दिसलं की पंधरा-वीस बाया डबे पुढ्यात घेऊन बसल्या आहेत आणि देवीलाल दारात उभा आहे. डोमाजीला पाहून देवीलाल आत गेला आणि त्याने गिरणी बंद केली, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल.